शाळेचा निर्णय गावाकडे आला, विशेष शिक्षक तालुक्यालाच राहिले

७ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने कोविडमुक्त गावांमध्ये आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष सुरू करण्यास परवानगी दिली आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार गावाच्याच हाती सोपवला. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, तीत तलाठी, ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख असायचे, गावात किमान महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नसावा, पालकांशी चर्चा करून ठराव करायचा आणि मग शाळा उघडायची, असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून काम करत होते. हा अधिकार गावाला मिळाला हे योग्यच झाले, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मात्र शाळा उघडण्याचा अधिकार गावात आला, तरी दिव्यांग मुलाला त्या उघडलेल्या शाळेत खरोखर शिकता यावे यासाठी लागणारे काहीही त्याच्याबरोबर गावात आले नाही. ही त्रुटी त्या वर्षी फारशी कोणाच्या लक्षात आली नाही, आणि पुन्हा कधी अशी वेळ आली तर ती तशीच राहील अशी मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्थानिक पातळीवर निर्णय का हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मार्च २०२० मध्ये सगळ्या शाळा एकाच वेळी बंद झाल्या, ते त्या क्षणी अपरिहार्य होते. परंतु साथ सगळीकडे सारखी पसरली नाही आणि सारखी ओसरलीही नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशाने, १५ ऑक्टोबरनंतर टप्प्याटप्प्याने शाळा सुरू करण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला. राज्याने २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्याचे ठरवले आणि अंतिम निर्णय जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्तांवर सोडला. त्यामुळे काही जिल्ह्यांत त्याच दिवशी घंटा वाजली, तर मुंबईतील शाळा बंदच राहिल्या. चाळीत एकेका खोलीत सहा-सात माणसे राहणारे शहर आणि वाड्यावस्त्यांवर विखुरलेले गाव यांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नव्हते. हिवरे बाजारसारख्या गावाने तर शासन निर्णयाची वाट न पाहता, गाव कोविडमुक्त झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर शाळा सुरू केली होती. गावाला आपली माणसे माहीत असतात, कोणाच्या घरी कोण बाहेरगावाहून आले आहे हे माहीत असते, आणि ही माहिती मंत्रालयात बसून मिळत नाही.

हाच युक्तिवाद दिव्यांग मुलांच्या बाबतीत आणखी जोराने लागू पडायला हवा होता. गावात चालता न येणारे मूल कोणते, ऐकू न येणारे कोणते, कोणाला गर्दीत आणि गोंगाटात राहवत नाही, हे सरपंचांपासून शाळेच्या स्वयंपाकीण मावशींपर्यंत सर्वांना नावानिशी ठाऊक असते. तरीही समितीच्या बैठकीत या मुलांचा विषय निघाला नाही.

त्या बैठकीत मी होते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लाकडी बाकांवर अंतर ठेवून सगळे बसले होते आणि मुख्याध्यापकांनी शासन निर्णयाची छापील प्रत समोर ठेवून एकेक मुद्दा वाचून दाखवला. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांमध्ये सहा फूट अंतर, एका वर्गात जास्तीत जास्त पंधरा ते वीस मुले. ऑक्सिमीटर आणि तापमापक यंत्र आहे का, साबण आणि पाणी आहे का, वर्गखोल्या निर्जंतुक कोण करणार, मुलांच्या तुकड्या आलटूनपालटून कशा बोलवायच्या. प्रत्येक मुद्द्यापुढे ग्रामसेवकांनी बरोबरची खूण केली. सहा फुटांचे अंतर खरोखर बसते का हे पाहायला आम्ही शाळेत जाऊन टेप लावून मोजलेसुद्धा. कोणीही हलगर्जी केली नाही. पण छापील मुद्द्यांमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी विचारलेलेच नव्हते, त्यामुळे उत्तर देण्याची गरज कोणाला भासली नाही. ठरावाच्या मसुद्यावर सह्या होण्याची वेळ आली, तेव्हा आठवीतल्या एका मुलाची आई दारातून आत आली आणि तिने विचारले, माझ्या मुलाला कसे आणायचे?

त्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार आहे. पूर्वी त्याला मोठा भाऊ सायकलवर शाळेत आणून सोडायचा. तो भाऊ आता तालुक्याला कामाला लागला होता. सरपंच अगदी मनापासून म्हणाले, “ताई, त्याला घरीच असू द्या, उगाच जोखीम नको.” त्यावर ती म्हणाली, “भाऊ, दीड वर्ष घरीच आहे. घरी बसून पाय आणखी आखडत चाललेत.” तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्याच्या पायाचे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारे पट्ट्यांचे साधन, टाळेबंदीपूर्वीच्या मापाचे होते. वाढीच्या वयातल्या मुलाचा पाय दीड वर्षात त्या मापात कसा राहणार? पट्ट्याची शेवटची भोकेही पुरत नव्हती, घोट्याजवळ काचून कातडी काळी पडली होती, आणि म्हणून त्याने कॅलिपर घालणेच सोडले होते. नवीन माप घेण्यासाठीची शिबिरे बंद होती. फिजिओथेरपीही बंद होती. सेरेब्रल पाल्सीमध्ये स्नायूंना नियमित ताण दिला नाही तर ते आखूड होत जातात आणि एकदा सांधा वाकलेल्या स्थितीत पक्का झाला की नंतरचे व्यायाम पुरत नाहीत, कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते. चुकलेला धडा पुढच्या वर्षी शिकवता येतो, गेलेली हालचाल तशी परत मिळत नाही.

आता या मुलाला जे हवे होते ते कोणाच्या अखत्यारीत होते, हे पाहू. त्याला भेट देणारे विशेष शिक्षक समग्र शिक्षा अभियानाचे, त्यांचे कार्यालय तालुक्याच्या गट साधन केंद्रात. मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता यांच्या याद्या तिथूनच जिल्ह्याला जायच्या. कॅलिपरसाठीचे मोजमाप शिबिर जिल्हा पातळीवर ठरायचे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयात, आणि तिथले सगळे मनुष्यबळ तर साथीच्या कामाला जुंपलेले. समितीतल्या एकाही सदस्याला यांपैकी काहीही मागवण्याचा अधिकार नव्हता. सरपंच शाळेचे दार उघडू शकत होते, विशेष शिक्षकांना आठवड्यातून एक दिवस पाठवा असे सांगू शकत नव्हते. ते फार तर विनंती करू शकत होते, आणि विनंती केलीही. तालुक्याहून उत्तर आले की प्रत्यक्ष भेटींबाबत आमच्या विभागाच्या स्वतंत्र सूचना अद्याप आलेल्या नाहीत. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. एका विशेष शिक्षकाकडे कितीतरी शाळा असतात आणि त्या काळात त्यांना साथीची कामेही लावलेली होती.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण त्या मुलीची कुठेच नोंद नव्हती. ती कर्णबधिर आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत शिकत होती. मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामे झाले आणि ती गावी आली. महाराष्ट्रात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसतात. त्या काळात त्या सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत, दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे होत्या. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला. त्यामुळे शालेय शिक्षण विभागाने काढलेला प्रत्येक आदेश तिला वगळून निघत होता, कोणाच्या मनात नसताना. गावच्या शाळेच्या पटावर ती नाही, म्हणून समितीच्या दृष्टीने ती विद्यार्थिनीच नाही. तिची शाळा दूरवर बंद, म्हणून शाळेच्या दृष्टीने ती आता गावात. घरातल्या कोणालाही खुणांची भाषा येत नव्हती. दूरदर्शनवर ‘टिलीमिली’ मालिका लागायची तेव्हा ती लहान भावंडांबरोबर बसायची, पण चित्रांपलीकडे तिच्यापर्यंत किती पोहोचत असेल? मोबाईलवरच्या तासांचेही तेच. आणि बाहेर पडावे तर प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून समजून घेण्याचा जो थोडा आधार होता तोही गेलेला. दीड वर्षापेक्षा अधिक काळ ती भाषेविना राहिली, हे माझे वाक्य अतिशयोक्त वाटेल, पण जवळून पाहिलेल्या कोणालाही तसे वाटणार नाही.

पालकांच्या संमतिपत्राविषयीही बोलायला हवे. हजेरी सक्तीची नाही आणि पालकांची लेखी संमती आवश्यक आहे, ही अट केंद्राच्या सूचनांतच होती आणि साथीत ती आवश्यकही होती. सर्वसाधारण मुलाच्या पालकांसमोर खरोखर दोन पर्याय होते, पाठवणे किंवा घरून शिकवणे. दिव्यांग मुलाच्या पालकांसमोर मात्र एकीकडे अशी शाळा होती जिथे न्यायला-आणायला कोणी नाही आणि शिकवायला विशेष शिक्षक नाही, आणि दुसरीकडे असे ऑनलाइन शिक्षण जे मुलाला ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा समजत नाही. अशा वेळी पालकांनी संमती दिली नाही तर कागदावर ती पालकांची इच्छा म्हणून नोंदली जाते. शासनाकडे, जिल्हा परिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे कोणतीच जबाबदारी उरत नाही. शिवाय ‘त्याला धोका जास्त’ हे वाक्य सरसकट वापरले गेले. डाऊन सिंड्रोम असलेल्या किंवा श्वसनाचा, हृदयाचा आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत ते वैद्यकीयदृष्ट्या खरे होते, आणि तिथे डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यकच होते. पण डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कोरोनाचा आजार अधिक गंभीर होत नाही. समितीत वैद्यकीय अधिकारी होते. त्यांना मुलागणिक मत विचारता आले असते, तसे विचारण्याची पद्धत मात्र आदेशाने घालून दिली नव्हती.

यात कायद्याची उणीव होती असे म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीच्या आणि जोखमीच्या परिस्थितीत दिव्यांग व्यक्तींना समान संरक्षण मिळेल असे म्हटले आहे, आणि त्याच कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आहे. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये शाळा उघडायच्या की नाही हे ज्यांच्यावर सोपवले होते तेच अधिकारी. एकाच कार्यालयात एका टेबलावर शाळांचा निर्णय आणि दुसऱ्या टेबलावर ही नोंद असणे अपेक्षित होते. दोन्ही एकत्र वाचून, अमुक गावात अशी इतकी मुले आहेत, त्यांच्यासाठी काय केले आहे ते ठरावात लिहा, असे पत्र काढायला नव्या कायद्याची गरज नव्हती. कलम ३१ तर सहा ते अठरा वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायदा तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचाही पर्याय देतो. आपल्या संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे जे २९ विषय आहेत, त्यांत सतरावा विषय प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षणाचा आहे आणि सव्विसावा दिव्यांगांच्या कल्याणासह समाजकल्याणाचा. घटनादुरुस्ती करणाऱ्यांनी दोन्ही विषय एकाच यादीत ठेवले होते. प्रत्यक्षात साथीच्या काळात सतराव्याचा एक तुकडा गावात आला आणि सव्विसावा वरच राहिला.

अमेरिकेत शाळा चालवणारे स्थानिक जिल्हे असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची मंडळे निवडून आलेली असतात. शाळा कधी उघडायची यावरून तिथेही प्रचंड वाद झाले. पण तिथे शाळा उघडणारी संस्था आणि दिव्यांग मुलाला त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यानुसार सेवा देण्यास बांधील असलेली संस्था एकच असते. पालक भांडायला जातात तर एकाच दारात जातात. मार्च २०२० मध्येच तिथल्या संघीय शिक्षण विभागाने स्पष्ट केले होते की जिल्हा इतर मुलांना शिक्षण देत असेल तर दिव्यांग मुलांनाही समान संधी द्यावी लागेल, आणि बुडालेल्या सेवांची भरपाई कितपत द्यायची हे मुलागणिक ठरवावे लागेल. सगळीकडे हे नीट पाळले गेले असे नाही, पुष्कळ पालकांना तक्रारी कराव्या लागल्या. तरी भरपाईची कल्पना मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि १ डिसेंबरपासून पहिलीपासूनचे वर्ग सुरू झाले, अभ्यास भरून काढण्यासाठी सेतू अभ्यासक्रम आला. बुडालेल्या थेरपीसाठी, न झालेल्या भेटींसाठी, न मिळालेल्या कॅलिपरसाठी मात्र कसलाही सेतू नव्हता.

मग सगळ्या सेवाच ग्रामपंचायतीकडे सोपवाव्यात का? मला तसे वाटत नाही. गावाला स्वतःचा वाचाउपचारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट नेमता येणार नाही, आणि एका गावात तीन-चार मुले असतील तर तशी नेमणूक रास्तही ठरणार नाही. शिवाय पूर्ण स्वातंत्र्य दिले तर ज्या गावात चांगले सरपंच आहेत तिथे मुलांचे भले होईल आणि शेजारच्या गावात काहीच होणार नाही. हक्क हा सरपंचांच्या चांगुलपणावर अवलंबून राहता कामा नये. म्हणून किमान अट वरूनच यायला हवी, आणि ती साबण व ऑक्सिमीटरइतकी ठोस हवी. गावातल्या प्रत्येक दिव्यांग मुलाचे नाव, मग ते कोणत्याही शाळेच्या पटावर असो किंवा नसो, त्याला शाळेत कोण आणणार, त्याला कोणती सेवा कोण आणि कोणत्या वारी देणार, आणि ते मूल घरीच राहणार असेल तर घरी कोण जाणार, एवढे लिहिल्याशिवाय ठराव पूर्ण मानायचा नाही. त्याच आदेशाने विशेष शिक्षकांना आणि गट साधन केंद्राला त्या समितीला उत्तर देण्यास बांधील करायचे. केंद्रप्रमुख समितीत होतेच, त्यांच्या शेजारी तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना दूरध्वनीवरून का होईना बसवणे अवघड नव्हते.

पैशाचे म्हणाल तर गाव अगदीच रिकाम्या हाताचे नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. माझ्या पाहण्यात ही रक्कम बहुधा वर्षाच्या शेवटी घाईघाईने वाटली जाते, कारण काय करायचे हे आधी कोणी ठरवलेले नसते. लहान गावात ती फार मोठी नसते, पण शाळेत ने-आण करणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्याचे महिन्याचे पैसे त्यातून नक्की भागतात. आमच्या गावात शेवटी तेच केले. त्या आईच्या प्रश्नानंतर मी आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी मिळून ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विषय ठेवला, ग्रामसेवकांनी आधी लेखापरीक्षणाची शंका काढली, मग सरपंचांनीच पुढाकार घेऊन तो मंजूर करून घेतला, आणि तो मुलगा शाळेत येऊ लागला. कॅलिपर मात्र नंतरच्या वर्षी मिळाले. गावाला जे शक्य होते ते गावाने केले आणि जे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या हाती होते ते रखडले, यावरूनच अधिकार कुठपर्यंत आला होता आणि कुठे थांबला होता हे पुरेसे दिसते.

एक गोष्ट आजही, साथ नसताना, कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने या वंचित गटाच्या व्याख्येत दिव्यांग मुलाचा स्पष्ट समावेश केला आहे. म्हणजे ज्या शाळेच्या पटावर दिव्यांग मुले आहेत तिथे त्यांच्या पालकांचा समितीवरचा दावा कायदेशीर आहे. तरीही बहुतेक पालकसभांमध्ये निवड करताना याची आठवण कोणी करून देत नाही. २०२१ च्या त्या बैठकीत ती आई सदस्य म्हणून बसलेली असती तर तिचा प्रश्न सह्यांच्या वेळी नव्हे, पहिल्या मुद्द्यालाच आला असता. समितीची पुनर्रचना दर दोन वर्षांनी होते. आमच्या शाळेच्या पुढील पालकसभेच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यावा असे मी मुख्याध्यापकांना लेखी दिले आहे, आणि ज्यांच्या शाळेची पुनर्रचना जवळ आली आहे त्यांनीही तसे पत्र द्यावे, अशी माझी विनंती आहे.